धनकरच्या सरोवराकाठी एक मुक्काम

आपल्या समाजात प्रवास म्हटला की काही ठिकाणे ठरलेली आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, मार्चमध्ये महाड आणि आयुष्यात एकदा तरी बोधगया-सारनाथ. या यात्रा आपल्याला हव्यातच. त्यांनीच आपल्याला गावकुसाबाहेरून देशाच्या वाटेवर आणले. परंतु पाठीवर तंबू घ्यावा, हिमालयात चढावे आणि उंचावरच्या एखाद्या सरोवराकाठी एक रात्र काढून परत यावे, असा बेत आपल्या घरांत क्वचितच होतो. 'ते पैसेवाल्यांचे चोचले' असे म्हणून विषय संपतो. आमच्या विहारातील रविवारच्या वर्गातल्या नऊ जणांनी असा बेत आखला आणि पार पाडला. आमच्यात चार बाया व पाच पुरुष. सर्वांत धाकटी २२ वर्षांची, सर्वांत थोरले ५८ वर्षांचे. इतरांनाही हा बेत करता यावा म्हणून आमची आखणी येथे मांडत आहोत.

हेच सरोवर का?

हिमाचल प्रदेशात स्पिती नावाचे खोरे आहे. उंच, कोरडे, जवळजवळ झाडे नसलेले. त्याला थंड वाळवंट म्हणतात. पाऊस फार थोडा. डोंगरावरचे बर्फ वितळून जे पाणी पाटांनी येते त्यावरच जव आणि वाटाण्याची शेते उभी राहतात. स्पिती आणि पिन या दोन नद्यांच्या संगमावर, तुटक्या कड्याच्या टोकाला धनकर गाव व तेथील जुना गोम्पा आहे. उंची ३,८९४ मीटर. एकेकाळी ही स्पितीची राजधानी होती. मातीच्या सुळक्यांवर तोललेला हा गोम्पा इतका नाजूक झाला की २००६ मध्ये जगातील धोक्यात असलेल्या शंभर स्मारकांच्या यादीत त्याचे नाव आले. गावाच्या वर तासा-दीड तासाच्या चढणीवर सुमारे ४,१४० मीटर उंचीला धनकरचे सरोवर आहे. समोर मणिरंगचे बर्फाच्छादित शिखर.

स्पितीतच चंद्रताल हे अधिक नावाजलेले सरोवर आहे. २००५ पासून ते रामसर पाणथळांच्या यादीत आहे. पण तेथे काठावर तंबू ठोकण्यास बंदी आहे, आणि रस्ता इतका खडतर की रात्री कुणाची प्रकृती बिघडली तर मदतीपर्यंत पोचण्यास कित्येक तास लागतात. धनकरला मात्र सरोवरावरून तासाभरात खाली गावात उतरता येते. उंचीवरच्या पहिल्या मुक्कामासाठी आम्ही हीच कसोटी लावली. ठिकाण किती सुंदर यापेक्षा तेथून किती लवकर उतरता येईल, हे आधी पाहिले.

ओझ्याचा प्रश्न

बेत ठरला तेव्हा वस्तीतल्या एका वयोवृद्ध बाबांनी आम्हाला थांबवले. म्हणाले, "लेकरांनो, साहेबाचा मुक्काम हलला की त्याचा बाडबिस्तरा पुढच्या गावापर्यंत माझ्या बापाच्या डोक्यावर असायचा. दाम नाही, भाकरही नाही. तो बोजा बाबासाहेबांनी उतरवला. आणि तुम्ही पदरचे पैसे मोडून ओझं वाहायला निघालात?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महारकी वतनाच्या नावाखाली आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या वेठ केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन सुधारणेचे विधेयक मांडले, आणि ही वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. डोंगरातही हीच कथा. तिकडे वेठीला बेगार म्हणत. कुमाऊंमध्ये १९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या जत्रेत, बागेश्वरच्या संगमावर जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या नदीत सोडून दिल्या. त्यानंतर तेथील बेगार मोडली.

आम्ही दोन रविवार यावर चर्चा केली. शेवटी असे ठरले की वेठ म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने, दुसऱ्याचे, बिनदामाचे ओझे. आपल्या गरजेचे, आपण मोजून बांधलेले, आपल्या मर्जीने उचललेले ओझे ही वेठ नव्हे. उलट आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकून मोकळ्या हाताने चालणे आपल्याला शोभणारे नाही. म्हणून प्रत्येकाने आपली सॅक आपणच वाहायची. कुणाला वयामुळे जमत नसेल तर गावातला मदतनीस घ्यायचा, पण मजुरी आधी ठरवायची, घासाघीस करायची नाही, त्याचे जेवण व गरम कपडे आपल्याइतकेच चांगले आहेत ना हे पाहायचे, आणि त्याच्या पाठीवर आपल्यापेक्षा जास्त वजन द्यायचे नाही. बाबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग वजन नीट करून घ्या."

आम्ही खरोखरच वजनकाटा आणला. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक कुणी उचलायचे नाही, असा नियम केला. पन्नास किलोच्या बाईला दहा किलो. त्यात स्लीपिंग बॅग, खाली अंथरायची मॅट, तंबूचा वाटा, कपडे, पाणी आणि खाणे सारे आले. पहिल्या वेळी बहुतेकांच्या सॅका पंधरा किलोंवर गेल्या. मग जास्तीच्या चादरी, काचेच्या बाटल्या आणि तिसरा पोशाख घरी राहिला. तंबू व स्लीपिंग बॅगा आम्ही विकत घेतल्या नाहीत. गिर्यारोहण करणाऱ्या संस्थांकडे त्या भाड्याने मिळतात.

सराव

हिमालय गाडीतून उतरल्याबरोबर चढायचा नसतो. आम्ही तीन महिने आधी सराव सुरू केला. रोज पाऊण तास भरभर चालणे, इमारतीचे जिने चढणे, आणि रविवारी भरलेली सॅक घेऊन एखादा डोंगर. कान्हेरीच्या पायऱ्या, जुन्नरची लेणी, आणि अखेरीस १,६४६ मीटरचे कळसूबाई. वर्गाच्या दृष्टीने हा सराव दुहेरी उपयोगी ठरला. कान्हेरी-जुन्नरच्या लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, उपासिकांनी ही टाकी दान दिली. डोंगरावर येणाऱ्याला पाणी मिळावे ही आपली जुनी धम्मपरंपरा आहे. आणि त्याच भूमीत १९२७ साली तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे चालताना आमच्यातील तरुणांना सांगावे लागले नाही. त्यांनीच ते बोलून दाखवले.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय हा बेत करू नये. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी वापरतात, परंतु ती कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

हळूहळू चढा

एका रात्रीच्या मुक्कामासाठी पंधरा दिवसांची रजा कशाला, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर हवेत आहे. सरोवराच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि मध्ये विश्रांतीचा दिवस घ्यावा, हा जाणकारांचा नियम. मनालीहून कुंझुम खिंडीने गेले तर अंतर कमी, पण चढ एकदम होतो. म्हणून आम्ही सिमला-किन्नौरची लांबची वाट धरली.

पहिली रात्र सिमल्याला (सुमारे २,२०० मीटर). मग सतलजच्या काठाने रेकाँग पिओ आणि त्यावरच्या कल्पा गावी (२,९६० मीटर) दोन रात्री. तेथून खाब येथील सतलज-स्पिती संगम ओलांडून, नाको मागे टाकून ताबोला (३,२८० मीटर) दोन रात्री. मग धनकर गावात दोन रात्री. येथे चढ पाचशेहून थोडा अधिक होतो, म्हणूनच आधी व नंतर दोन-दोन रात्री ठेवल्या. आठवी रात्र सरोवराची. परतीला तीन मुक्काम, आणि दोन्ही बाजूंचा रेल्वेप्रवास.

या रस्त्यावर राज्य परिवहनाच्या बसगाड्या धावतात. भारतीय नागरिकांना या मार्गासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण ओळखपत्र सर्वांजवळ असावे. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात, त्यामुळे सप्टेंबर चांगला. तरीही दोन दिवस हाताशी राखीव ठेवा. रोख रक्कम बरोबर घ्या, आणि फोन लागेलच असे धरून चालू नका.

वाटेवरचे ताबो

ताबोचे दोन दिवस ही नुसती विश्रांती नव्हती. तेथील विहार इ.स. ९९६ मध्ये स्थापन झाला. गुगे राज्याचा राजा येशे-ओ आणि थोर अनुवादक रिंचेन झांगपो यांचे हे काम. बाहेरून पाहावे तर मातीच्या साध्या भिंती. आत दिव्याच्या उजेडात बुद्धचरित्रातील प्रसंग आणि सुधन नावाच्या तरुणाची ज्ञानासाठीची भटकंती रंगवलेली आहे. त्या चित्रांत काश्मीरकडच्या कलेची छाप दिसते. या विहाराला हिमालयातील अजिंठा म्हणतात ते उगीच नव्हे. जानेवारी १९७५ च्या भूकंपात त्याला हादरा बसला, तरी तो उभा आहे. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. आपण एक टॉर्च न्यावी आणि शांतपणे पाहावे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. स्पितीतला धम्म वज्रयान परंपरेचा आहे. देवदेवता, मंत्र, कर्मकांड त्यात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांनी घडलेला आपला मार्ग वेगळा. गोम्पात काय करावे, अशी आमच्यात चर्चा झाली. आम्ही बुद्धमूर्तीसमोर त्रिसरण-पंचशील घेतले, भिक्खूंना वंदन केले आणि बाकी विधींपासून नम्रपणे दूर राहिलो. कुणी दुखावले नाही. त्याचबरोबर स्पिती-लाहौलच्या समाजात लोहार आणि वाजंत्री यांना खालचे मानण्याची रीत होती, असे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. बुद्धाचे नाव घेतले म्हणजे जात आपोआप गळून पडते असे नाही, ती प्रयत्नाने घालवावी लागते. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा का दिल्या हे तेथे अधिक नीट कळते.

शिदोरी आणि पाणी

सरोवराच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांवरच उकळते. डाळ-तांदूळ तेथे उघड्या भांड्यात शिजत नाहीत, इंधन मात्र संपते. म्हणून शिजवावे लागणारे अन्न नेऊ नका. आमच्या शिदोरीत होते पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, खजूर, मेतकूट आणि सातूचे पीठ. गंमत म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ हेच तिकडचेही रोजचे अन्न. ते त्याला त्सम्पा म्हणतात. गावातल्या ज्या घरी आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी आमचे सातूचे पीठ चाखून पाहिले आणि आपल्या डब्यातले आमच्या डब्यात ओतले. सुकट-बोंबील मात्र घरीच ठेवा. तंबूत वास भरला की सकाळपर्यंत सुटका नाही.

रेल्वेतून गॅसचे डबे व रॉकेल नेण्यास बंदी आहे. आम्ही छोटा स्टोव्ह गावातच भाड्याने घेतला, फक्त चहा आणि गरम पाण्यापुरता. शेकोटी पेटवायची नाही. जेथे झाडच नाही तेथे काटकी म्हणजे कुणाच्या तरी हिवाळ्याचे सरपण. पिण्याचे पाणी खळखळ उकळू लागल्यावर आणखी तीन मिनिटे उकळावे.

सरोवरात साबण, भांडी, कपडे काही धुवायचे नाही. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे शंभरएक पावले, दूर जावे. वीतभर खड्डा करून बुजवावा. कागद पिशवीत परत आणावा. भगिनींनी पाळीचे सामान आधीच जवळ ठेवावे आणि वापरलेले बांधून खाली आणावे. पाळी आली म्हणून कुणाला मागे ठेवण्याचे कारण नाही. बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले ते पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करण्यासाठी. जे सर्वांचे आहे ते सर्वांना पिता येईल असे राखणे हे त्याच लढ्याचे पुढचे काम आहे, असे आम्ही मानतो.

सरोवराकाठची रात्र

निघण्याआधी गावकऱ्यांना विचारा. तंबू कोठे लावायचा हे त्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे. आम्ही सकाळी दहाला निघालो. रिकाम्या माणसाला तासा-दीड तासाची वाट भरल्या सॅकने आम्हाला अडीच तास लागली. सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती पुढे, बाकीचे मागे, हा आमचा क्रम. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे. बोलताना धाप लागली की थांबायचे.

उंचीच्या त्रासाची लक्षणे एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात होती. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही पहिली पायरी. मग वर चढायचे नाही. त्रास वाढला, उलटी झाली, तर उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, झोकांड्या जाणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर क्षणाचाही विलंब न करता, रात्र असली तरी उतरायचे आणि दवाखाना गाठायचा. कुणीही एकट्याने उतरायचे नाही. हे सारे आम्ही मुंबईतच ठरवून ठेवले होते, कारण तेथे पोचल्यावर माणूस हट्टाला पेटतो.

आणि वेळ आलीच. दुपारी चारला आमच्यातल्या सर्वांत धडधाकट तरुणाचे डोके ठणकू लागले. पाचला उलटी झाली. तो म्हणत होता, "मला काही झालेले नाही, एवढ्या लांब येऊन परत कसा जाऊ?" कागद त्याच्याच खिशात होता. तो काढून त्याच्याच हाती दिला. दोघे जण त्याच्याबरोबर उतरले. एकाने स्वतःची सॅक पाठीवर आणि त्याची छातीशी घेतली, दुसऱ्याने त्याचा हात धरला. अंधार पडण्याआधी ते गावात पोचले. गावात त्याला रात्री झोप लागली, सकाळी डोके उतरले होते. वर नऊ गेलो, काठावर सहा राहिलो. पण बेत फसला असे आम्हा नऊ जणांपैकी कुणालाच वाटले नाही.

त्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. सूर्य डोंगराआड गेला तशी थंडी एकदम उतरली. गरम पाण्याची बाटली आणि टॉर्चच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपलो. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला दवाचे बर्फ झाले होते. मणिरंगवर पहिले ऊन पडले तेव्हा पाणी अगदी निश्चल होते. सहा जणांनी काठावर बसून वंदना घेतली आणि अर्धा तास आनापान केले. तेथे कुणी विचारायला नव्हते की तुम्ही कोण, कुठले, या पाण्याजवळ कसे आलात.

आता तुम्ही

खर्चाचे म्हणाल तर मोठा भाग प्रवासाचा. आम्ही वर्षभर भिशी लावली, दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले, गावात लॉजऐवजी घरांत उतरलो. तेथे उतरले की पैसा त्या घरालाच मिळतो. एवढी तयारी कोणत्याही विहाराला, महिला मंडळाला, युवक संघाला जमण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांनी सुरुवात जवळच्या लेण्यांपासून करावी. घरच्यांनी मुलींना अडवू नये. आमच्यातल्या दोन मुलींनी शेवटपर्यंत कुणाला आपल्या सॅकेला हात लावू दिला नाही.

परतताना आम्ही नऊ जणांचा सारा कचरा आणि काठावर सापडलेला दुसऱ्यांचाही प्लास्टिकचा कचरा पोत्यात भरून खाली आणला. आळीपाळीने वाहिला. ज्याला डोकेदुखी झाली होती त्याने गावातून पुढे, ताबोपर्यंत, ते पोते आपल्याकडे ठेवले. कुणी सांगितले नव्हते. स्वतःच्या मर्जीने उचललेले आणि सोबत्यासाठी उचललेले ओझे माणसाला वाकवत नाही. वजन करा, सराव करा, हळूहळू चढा, आणि एकमेकांना सोडू नका.

जय भीम!